ईरप्पा पेंटर आणि पासिंगचं मशीन

पासिंगच्या जुन्या मैदानासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि दुकानाला भिंत लावून ईरप्पा हत्तुरे यांचं पत्र्याचं शेड. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. अण्णा मूळचे अक्कलकोटकडचे, घरात कानडी, दारात मराठी, आणि रंगाचा डबा उघडताना दोन्ही. आयुष्यभर त्यांनी एकच काम केलं. पासिंगला निघालेल्या गाड्या रंगवल्या.

जुन्या मालवाहू किंवा भाड्याच्या गाडीला दर वर्षी सरकारकडून रस्त्यावर चालायला लायक असल्याचा दाखला घ्यावा लागतो. कागदावर त्याला फिटनेस म्हणतात, आमच्याकडे पासिंग. सकाळपासून मैदानात टेम्पो, ट्रक, रिक्षा ओळीनं उभ्या राहायच्या. लिंबाखाली खुर्ची टाकून साहेब बसायचे. ते उठून गाडीभोवती फिरायचे, वाकून बघायचे, मैदानात एक चक्कर मारून ब्रेक दाबायचे आणि कागदावर सही करायचे. साहेब ब्रेक बघूनच सही करत, हे सगळ्यांना माहीत होतं. फक्त अण्णांना मान्य नव्हतं. त्यांची खात्री होती की गाडी पास होते ती रंगावर.

“गाडी म्हंजे दाखवायला बसलेली पोरगी असती बघ कुमार,” ते मला सांगायचे. “माणूस आधी तोंड बघतो. काळजात काय हाय ते लग्नानंतर कळतंय.”

“मला बघायला आले तेव्हा ह्यांनी तोंड कुठं बघितलं?” आतून दाक्षायणीबाई म्हणायच्या. त्या अण्णांच्या पत्नी, दुपारी डबा घेऊन यायच्या आणि डबा रिकामा होईपर्यंत बोलायच्या. “चुरमुऱ्याच्या सुसल्याची बशी रिकामी केली आणि वर मान करून म्हणाले, अजून थोडा मिळंल का. माझा बाप म्हणाला, पोरगा पसंत हाय, पोट हाय त्याला.”

अण्णांची खरी विद्या रंगात नव्हती, साहेब ओळखण्यात होती. नवीन साहेब बदलून आले की अण्णा चार-आठ दिवस लिंबाच्या आसपास घुटमळायचे. साहेबांचा शर्ट कुठला, रुमाल कुठला, चहा कसा पितात, सगळं बघून यायचे. एक साहेब कोकणातले आले. सोलापूरच्या उन्हात बिचारे कोमेजून गेले होते. अण्णांनी त्या वर्षी दिसेल ती गाडी हिरवीगार केली. “साहेबांना गावाकडं असल्यागत वाटलं पायजे,” म्हणाले. मैदानात हिरव्या टेम्पोंची एवढी गर्दी झाली की एकदा साहेबांनी स्वतःच विचारलं, “हा काय कुठल्या पक्षाचा मोर्चा आहे का?”

नंतरचे साहेब टापटिपीचे. त्या साली वीटभट्टीचे ट्रकसुद्धा पांढरे झाले. त्यानंतरच्या साहेबांना शुद्धलेखनाची बाधा होती. गाडीमागं ‘आईचा आशिर्वाद’ लिहिलेलं दिसलं की ते ब्रेक तपासायचे सोडून आधी शी दीर्घ करून आणायला सांगायचे. अण्णा तीन यत्ता शिकलेले, तेही कानडीत. पण त्या साहेबांच्या कारकिर्दीत त्यांचं मराठी इतकं पक्कं झालं की आजही माझ्या दुकानात अर्ज लिहिणारा माणूस ऱ्हस्व-दीर्घाला अडला, की मी भिंतीवर थाप मारतो आणि पलीकडून उत्तर येतं, “दीर्घ!”

असं सगळं सुरळीत चालू असताना हुकूम आला की मैदानातली तपासणी बंद. चिंचोळी एमआयडीसीच्या बाजूला मोठं केंद्र उघडलंय, तिथं आता मशीन गाडी तपासणार. घरी बसून संगणकावर वेळ घ्यायची, फी आधी भरायची, गाडी मशीनवर घालायची, मशीन सांगेल पास का नापास. माणसाच्या सांगण्याचा प्रश्न नाही.

मैदान आठवड्याभरात ओस पडलं. लिंबाखालची खुर्चीसुद्धा कुणीतरी नेली. माझं मात्र बरं चाललं, कारण ती वेळ घ्यायची आणि फी भरायची कामं माझ्या संगणकावर येऊ लागली. अण्णा शेडच्या दारात बसून माझ्याकडं येणारी माणसं मोजायचे.

“मशीन म्हंजे काय, त्याला बी डोळं असतीलच की,” ते म्हणायचे. “डोळ्याबिगर बघतंय कसं?”

अशात एक दिवस मायाक्का आल्या. मंद्रूपच्या पलीकडच्या, शेळ्यांच्या व्यापारी. नवरा बिरप्पा रानात कळप राखतो आणि ह्या बाई स्वतः टेम्पो चालवत बाजार करतात. टेम्पोच्या कपाळावर ‘बिरोबा प्रसन्न’. दर वर्षी पासिंगच्या आधी टेम्पो अण्णांच्या शेडमध्ये लावायचा आणि दोन दिवस अण्णांच्या नावानं ओरडायचं, हा त्यांचा नेम.

मी संगणकावर गाडीचा नंबर घातला आणि फीचा आकडा त्यांना सांगितला.

“किती?” मायाक्कांनी पदर खोचला. “आरं, मागल्या सालच्या फीत करडू येत हुतं. आता बोकड मागाया लागला की!”

“गाडी जुनी झाली, मायाक्का. जेवढी जुनी गाडी तेवढी फी जास्त, असा नवा नियम हाय.”

“ही कुटली रीत? माझी सासू म्हातारी झाली तर येस्टीत तिचं तिकीट माफ. आन् गाडी म्हातारी झाली तर जादा पैसं?”

“सरकार म्हणतंय, जुनी गाडी धूर लई करती.”

“सासू बी करती की!”

मग त्यांनी एक प्रयत्न करून बघितला. शेळीबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत, रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात. मायाक्कांनी माझ्या माऊस धरलेल्या हातावर पदर टाकला, माझी दोन बोटं दाबली आणि पडद्याकडं बघत म्हणाल्या, “येवढ्यात बसतंय का इचार त्याला.”

मी म्हणालो, “त्याला बोटं न्हाईत.”

“मग ह्यवार कसा करायचा अशा मानसासंगं?” असं म्हणून त्यांनी पैसे मोजले, आणि टेम्पो अण्णांच्या शेडमध्ये नेऊन लावला. “पेंटर, औंदा फी लई गेली. एका झटक्यात पास झाली पायजे. न्हाय झाली तर दुसऱ्या खेपेची फी तुज्याकडनं.”

अण्णा छातीवर हात ठेवून म्हणाले, “हौदु, व्हय की मायाक्का. जबाबदारी माझी.”

पण त्यांची झोप उडाली होती. आजपर्यंत समोर साहेब असायचा. आता कुणाची आवड बघायची? शेवटी ते सकाळी माझी स्कूटर मागून चिंचोळीला गेले आणि केंद्राच्या कुंपणाबाहेर उभं राहून मशीन बघून आले. आले ते चेहरा उजळूनच.

“कुमार, गावलं! मशीन निळं हाय. सगळं निळं, पायापासून डोक्यापर्यंत.”

“मग?”

“मग काय? आपल्यासारखं दिसलं की कुणाला बी माया येती.”

टेम्पो निळा झाला. साधासुधा नाही, मशीनच्या निळ्याशी जुळेपर्यंत अण्णांनी चार वेळा डबा घोटला. फाळक्यावर कमळं काढली. दोन्ही बाजूंना रात्री दुसऱ्या गाड्यांना दिसाव्यात म्हणून लावलेल्या चमकत्या पट्ट्या त्यांना उघड्या-बोडक्या वाटल्या, म्हणून त्यांवरून नाजूक निळी वेल फिरवली. दिव्यांच्या काचांवर पापण्या काढल्या, एकेक केस वेगळा. टायर काळेभोर दिसावेत म्हणून काळ्या रंगात तेल मिसळून चोळलं. खाली चेसिसवर कोरलेला गाडीचा नंबर असतो, तो भागही स्वच्छ दिसावा म्हणून तिथं रंगाचा आणखी एक दाट हात दिला. दाक्षायणीबाई डबा ठेवून बराच वेळ टेम्पोकडं बघत राहिल्या.

“री, अवो,” त्या शेवटी म्हणाल्या, “आपल्या लग्नात तुमी मला असं नटवलं न्हाय.”

ठरल्या दिवशी आम्ही चिंचोळीला निघालो. मायाक्का चालवत होत्या, मधे अण्णा नवा शर्ट घालून, मांडीवर नारळ, हार आणि उदबत्ती, आणि दाराशी मी, कारण कागद माझ्याकडं होते. वाटेत एका मोटरसायकलवाल्यानं पापण्या बघून वळून बघितलं आणि तो दुभाजकावर जाता जाता वाचला. अण्णांनी ते शुभशकुन धरलं.

केंद्रात चंद्रिका नावाच्या एक तरुण बाई होत्या, नारिंगी जाकीट, डोक्यावर टोपी, हातात टॅब. फार नम्र. अण्णांनी टेम्पोतून उतरून त्यांना नमस्कार केला, त्यांच्या जाकिटाचा रंग बघितला आणि माझ्या कानात कुजबुजले, “नारिंगी करायला पायजे हुतं का रं?”

मग ते नारळ घेऊन सरळ मशीनकडं निघाले. जमिनीत दोन जाड लोखंडी रोलर बसवलेले, गाडीची चाकं त्यांवर ठेवली की ते फिरतात आणि ब्रेकची ताकद मोजतात. अण्णांनी नारळ उगारला.

“काका, काका!” चंद्रिकाताई धावल्या. “रोलरवर पाणी नको. ओलं झालं की चाक घसरतं.”

“पहिल्यांदा आलोय, मोकळ्या हातानं कसं यायचं?”

“नारळ त्या बाकावर ठेवा. मी जाताना परत देते.”

अण्णांना तो नकारच वाटला. सोयरिकीत पाहुण्यांनी नारळ परत केला म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होतं.

केंद्राचा माणूस टेम्पोत बसला. मालकाला आत बसायची परवानगी नव्हती, म्हणून आम्ही तिघं पिवळ्या रेघेमागं उभे राहिलो. मायाक्का आपली शेळी परक्याच्या हातात गेल्यासारख्या त्याच्याकडं बघत होत्या. “दुसरा गेर हळू टाक रं!” त्या ओरडल्या. “दोनदा मागं घेऊन मग टाक!”

आधी धुराची नळी लावली. अण्णांनी डोळे मिटले. पडद्यावर हिरवी खूण आली. हॉर्न वाजवला, हिरवी खूण. स्टिअरिंग, हिरवी. गाडी एका पट्टीवरून सरळ नेली, हिरवी. अण्णा उंच व्हायला लागले. “बघ की,” ते म्हणाले, “माया आली त्याला.”

मग समोरून रुळावर सरकत एक पेटी आली आणि टेम्पोच्या उजव्या डोळ्यासमोर थांबली. दिव्याचा उजेड मोजणारी. बराच वेळ ती तिथंच थांबली, थोडी वर गेली, थोडी खाली आली, जणू काय बघतोय ते तिला कळत नव्हतं. मग डाव्या डोळ्यासमोर जाऊन तसंच. पडद्यावर दोन लाल खुणा आल्या.

“काचेवर काहीतरी आहे,” चंद्रिकाताई वाकून बघत म्हणाल्या. “उजेड अडतोय.”

“पापण्या हायत,” अण्णा म्हणाले. “एकेक केस वेगळा.”

चाकं रोलरवर गेली. रोलर फिरले, आतल्या माणसानं ब्रेक दाबला, आणि तेल चोळलेले टायर असे सुर्र घसरले, जसं म्हशीच्या अंगावरून पाणी. पुन्हा दाबला. पुन्हा सुर्र. पहिल्यांदाच मशीननं आवाज केला, एक लांब पीऽऽप. अण्णा पिवळी रेघ ओलांडून पुढं गेले आणि मशीनला म्हणाले, “आरं धर की!”

“काका, रेघेमागं.”

शेवटी चंद्रिकाताई हातात बॅटरी घेऊन टेम्पोखाली गेल्या. चेसिसवरचा नंबर कॅमेऱ्यानं टिपायचा होता. त्या बराच वेळ खालीच होत्या. वर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर निळा डाग होता.

“नंबर सापडत नाही. रंगाचा थर एवढा जाड आहे, की तिथं नंबर आहे की नाही हेच कळत नाही.”

छापील कागद माझ्या हातात आला. मायाक्कांना वाचता येत नाही, म्हणून मी मोठ्यानं वाचलं. धूर पास. हॉर्न पास. स्टिअरिंग पास. इंजिन पास. दिवे नापास, चमकत्या पट्ट्या नापास, टायरची पकड नापास, चेसिस नंबर नापास.

मायाक्कांनी कमरेवर हात ठेवले. “म्हंजे,” त्या म्हणाल्या, “ज्याला पेंटरनं हात लावला न्हाय ते समदं पास.”

अण्णांनी ते ऐकलंच नाही. ते कागदावर बोट फिरवत होते. “आणि रंग?” त्यांनी चंद्रिकाताईंना विचारलं. “रंगाचं काय म्हणालं ते?”

“रंगाचा रकाना नाही, काका.”

“रकानाच न्हाय?”

“नाही. म्हणजे, रंग फार सुंदर आहे. ती कमळं तर खरंच. पण मी ते लिहू कुठं?”

अण्णा नारळ घेऊन टेम्पोत येऊन बसले. परतीच्या वाटेवर मायाक्का एकट्या बोलत होत्या. उद्याचा वैरागचा बाजार बुडाला, शेळ्या दावणीला बसून खाणार, बिरप्पा म्हणणार तरी मी सांगत होतो, आणि तो सांगत नव्हताच. दुसऱ्या खेपेची फी कुणी भरायची ते त्यांनी पुन्हा एकदा, बाळे गाव येईपर्यंत, सविस्तर सांगितलं. अण्णा फक्त “व्हय” म्हणाले.

त्या संध्याकाळी दाक्षायणीबाई भिंतीवर थाप मारून मला म्हणाल्या, “काय झालंय ह्यांना? शेंगाची चटणी परत दिली.” आमच्या गल्लीत कुणी शेंगाची चटणी परत दिली तर डॉक्टरला बोलावतात. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, भांडी आवरली आणि अण्णांना कानडीत काहीतरी म्हणाल्या. मला त्यातलं एवढंच कळलं की त्यात ‘पापण्या’ हा शब्द तीनदा आला आणि शेवटी त्या स्वतःच हसत सुटल्या. जरा वेळानं अण्णांचंही हसणं ऐकू आलं, पण बारीक.

सकाळी मी दुकान उघडलं तेव्हा अण्णा टेम्पोखाली उताणे पडून चेसिस खरवडत होते. पायच काय ते बाहेर दिसत होते. बाजूला पोत्यावर मायाक्का बसल्या होत्या. काम होईपर्यंत उठणार नाही असं सांगूनच त्या आल्या होत्या.

वरचा निळा गेला. खाली तांबडा, त्याच्याखाली पांढरा लागला. “हा त्या टापटिपीच्या साहेबांचा,” खालून आवाज आला. “लई झाक माणूस. बदली झाली तेव्हा माझ्या शेडमधे येऊन चहा घेतला हुता त्यांनी.” पांढऱ्याखाली कोकणच्या साहेबांचा हिरवा. अण्णा एकेक थर काढत होते आणि एकेका साहेबाची हकिगत सांगत होते, कुणाची मुलगी कुठं दिली, कुणाला मधुमेह झाला. मायाक्कांना त्यात काही रस नव्हता. त्या अधूनमधून फक्त “नंबर आला का?” एवढंच विचारत होत्या.

मग अण्णांनी हात बाहेर काढला. चिमटीत हिरव्या रंगाची खपली होती आणि खपलीत एक काळा केस अडकलेला.

“शेळीचा दिसतोय.”

मायाक्कांनी खपली हातात घेतली, उन्हात धरली, आणि त्यांचा चेहरा बदलला. “ही माझी चंद्री,” त्या म्हणाल्या. “पयली शेळी हाय ही माझी. हिच्याच पिल्लांच्या पैशातनं ह्यो टेंपो घेतला मी.” त्या खपलीकडं बघत राहिल्या. “रंग वला असतानाच खाली सावलीला शिरून टेकली आसंल. लई हट्टी हुती. न्हाय म्हनलं की तितंच.”

खपली त्यांनी पदराच्या गाठीत बांधली. त्यानंतर पोत्यावरून उठल्या, अण्णांचा दुसरा पॉलिश पेपर घेतला आणि चमकत्या पट्ट्यांवरची वेल घासायला लागल्या. पापण्या मी पुसल्या, टायरवरचं तेलही. थिनरनं हात जळजळत होते, पण त्या केसांचं काम इतकं बारीक होतं की पुसताना मलाही जीवावर आलं. दुपारनंतर अण्णा ओरडले, “आला!” आम्ही दोघं वाकून बघायला गेलो. कोरा करकरीत पत्रा, आणि त्यावर नंबर, जणू कालच कोरलाय.

फी अण्णांनी भरली. एवढी फी बघून दाक्षायणीबाईंनी विचारलं, “मशीनला निदान जेवायला तरी बोलवायचं का?”

दुसऱ्या खेपेला टेम्पो असा दिसत होता की खरूज झालेल्या गाढवानं त्याच्या शेजारी उभं राहायला लाजावं. घासताना थिनर उडाल्यानं जागोजागी निळं, मधेच पांढरं, कुठं हिरवं, कुठं नुसता पत्रा, एका कमळाच्या अर्ध्या पाकळ्या गेलेल्या. अण्णांनी तोंडाला उपरणं गुंडाळलं होतं.

“धूळ लई हाय,” ते म्हणाले. धूळ नव्हती. रस्त्यात कुणी विचारू नये की ही कुणी रंगवली, एवढीच भीती होती.

ह्या वेळी रोलरवर चाकं गेली आणि ब्रेक दाबल्याबरोबर टेम्पो असा खाडकन थांबला की आतल्या माणसाची टोपी पुढं आली. पेटी डाव्या डोळ्यासमोर आली, उजव्या डोळ्यासमोर गेली, आणि बिनतक्रार निघून गेली. चंद्रिकाताई टेम्पोखाली जाऊन लगेच बाहेर आल्या. पडदा वरपासून खालपर्यंत हिरवा.

“पास, काका!”

मायाक्कांनी दोन्ही हातांनी बोटं मोडून चंद्रिकाताईंची दृष्ट काढली. मग मशीनची काढली. अण्णा बाजूला उभे होते. उपरणं आता खाली आलं होतं.

“एवढी भुंडी गाडी पास,” ते हळूच म्हणाले. “मग मी इतकी वर्षं काय करत हुतो?”

चंद्रिकाताईंनी टॅबवरून मान वर केली. “काका, माझ्या वडिलांची रिक्षा तुम्हीच रंगवायचात. भवानी पेठेत. मागं मोर होता. शाळेतून सुटले की एवढ्या रिक्षांत मला तो मोर लांबूनच दिसायचा.” एवढं बोलून त्या पुढच्या गाडीकडं गेल्या. रांग मोठी होती.

अण्णांनी त्या मोराची आठवण काढत बाळे येईपर्यंत तोंड मिटलं नाही. कुठल्या साहेबांच्या वेळचा होता, पिसारा उघडा होता का मिटलेला, हेच.

शेडसमोर टेम्पो थांबवून मायाक्का उतरल्या. “आता रंगव,” त्या म्हणाल्या.

“आता कशाला? वर्षभर कुणी बघणार न्हाय.”

“मी बघनार हाय की! पास झाली म्हनून काय उगडी फिरवू व्हय तिला बाजारात? आन् नंबर, पट्ट्या, दिवं, टायर सोडून. तितं हात लावलास तर बघ.”

“बरं. कुठला रंग?”

“तूच सांग.”

अण्णांची नजर सवयीनं लिंबाकडं गेली. समोर साहेब नव्हता, मशीन नव्हतं. मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी गाडीच्या मालकाकडं नीट बघितलं. “मायाक्का,” त्यांनी विचारलं, “तुमाला कुठला आवडतोय?”

“मला कुनी इचारलंच न्हाय कदी,” त्या म्हणाल्या. “लुगडं सासूनं ठरवलं, घराचा चुना बिरप्पानं, टेंपोचा तुज्या सायबानं.” त्या माझ्या पायरीवर बसल्या. चहा झाला. मी दोन जणांची आधार कार्डं झेरॉक्स करून दिली. मग त्या म्हणाल्या, “करडईचं फूल आसतंय बग. पयल्या दिवशीचं न्हाय. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, तांबूस व्हायाच्या आदी.”

अण्णांनी रंग घोटला. मायाक्का म्हणाल्या, हा झेंडू झाला. दुसरा घोटला. हा हळदीचा. तिसरा घोटला, तो माझ्या मते अगदी बरोबर होता, पण मायाक्कांनी सांगितलं की हे चौथ्या दिवसाचं फूल. शेवटी अण्णा त्यांच्याबरोबर मंद्रूपला गेले, बिरप्पाच्या शेजारच्या रानात उभं राहून हातात फूल धरून त्यांनी डबा घोटला, आणि काटे टोचून घेऊन परत आले. दाक्षायणीबाई म्हणाल्या, ह्या वयात परक्या बाईच्या रानात फुलं तोडायला जातात. पण टेम्पो तयार झाल्यावर त्यांनी त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला.

मायाक्कांना बाजाराची घाई होती. रंग पुरता वाळायच्या आतच त्यांनी टेम्पो नेला, आणि हौद्यात शेळ्या भरल्या. वैरागच्या बाजारात उतरवल्या तेव्हा प्रत्येक शेळीची एक कूस केशरी. बाजारात आपापला माल ओळखू यावा म्हणून व्यापारी शेळ्यांना रंगाचा पट्टा ओढतात, आणि नेमका तिथल्या एका बड्या व्यापाऱ्याचा पट्टा केशरीच. त्यानं मायाक्कांचा अर्धा कळप आपला म्हणून ओढायला सुरुवात केली. आरडाओरडा झाला, माणसं जमली. मायाक्का शांतपणे टेम्पोच्या पायरीवर चढल्या आणि त्यांनी एक हाळी दिली. मला त्या हाळीची नक्कल जमत नाही, त्यांनी दुकानात करून दाखवली तेव्हा माझा प्रिंटर बंद पडला. सगळ्या शेळ्या वळून टेम्पोकडं आल्या. त्यांच्यामागोमाग त्या व्यापाऱ्याच्याही चार आल्या. त्या परत करताना मायाक्कांनी त्याला रुमालाखाली नेमकं काय सांगितलं ते मला ठाऊक नाही.

त्या दिवसापासून अण्णांकडं पूर्वीइतक्या गाड्या येत नाहीत, हे खरं आहे. येतात त्या पास झाल्यावर येतात, हौसेनं येतात. अण्णा आता पहिल्यांदा विचारतात, तुला कुठला रंग आवडतो. आणि हा प्रश्न लोकांना फार जड जातो. परवा एक टमटमवाला माझ्या पायरीवर दुपारभर बसून होता. बायकोला फोन केला, भावाला केला, कुणाचंच पटेना. शेवटी वैतागून म्हणाला, “अण्णा, तुमीच सांगा की. तुमाला कुठला आवडतोय?”

अण्णा ब्रश पुसत होते. ते थांबले, शेडभर मांडलेल्या डब्यांकडं एकदा बघितलं, डोकं खाजवलं.

“मला व्हय?” ते म्हणाले. “थांब जरा. दाक्षायणी डबा घेऊन येतीयच, तिला विचारून सांगतो.”